कशावरूनबाई

"गाडी भरलीय. जागा न्हाय," कंडक्टर वरून म्हणाला.

"कशावरून?" खालून आवाज आला.

तेरच्या स्टँडवर भर दुपारी आम्ही सगळे घाम पुसत उभे होतो. बोलणारी बाई पन्नाशीच्या पुढची. हातात छत्री, नाकावर चष्मा, आणि चष्म्याची मोडलेली काडी पांढऱ्या नाडीनं कानाला बांधलेली. कंडक्टर म्हणाला, "कशावरून म्हंजी? दिसतंय की!" बाई म्हणाल्या, "मला इथून दिसत नाही. तुम्ही मोजून पाहिलंत का?" आणि खोटं कशाला सांगू, तो गडी खरंच मागं वळून मोजायला लागला हो! तेव्हा पार शेवटच्या बाकावर एक बोचकं ऐसपैस बसलेलं सापडलं. बोचकं टपावर गेलं, बाई आत बसल्या आणि मी मात्र आमच्या गावापर्यंत दारात लोंबकळत आलो.

गावात उतरल्यावर कळलं की आमच्या वाचनालयाच्या नव्या बाई त्या ह्याच.

मी तेव्हा गावच्या सोसायटीत क्लार्क होतो. सोसायटी म्हणजे दोन खोल्यांची एक इमारत. एका खोलीत आमचं बी-बियाणं, खत आणि रेशनचं धान्य, दुसरीत वाचनालय. मधली भिंत आढ्यापर्यंत पोचलेलीच नव्हती, त्यामुळं मी इकडं शिंकलो की बाई तिकडून "शुक्!" करायच्या. माझं नाव त्यांनी कधी घेतलं नाही. माणूस जिथं काम करतो ते त्याचं नाव, असा त्यांचा खाक्या होता. मी "सोसायटी". पिठाच्या गिरणीचे चाचा "गिरणी". आणि सगळ्यांना अहोजाहो! दारात आलेल्या शेळीलासुद्धा "अहो, बाहेर व्हा" म्हणताना मी त्यांना या कानांनी ऐकलंय.

शिक्षण हैदराबादेत झालेलं, निजामाच्या काळात, उर्दूतून. त्यामुळं मराठी एकदम पुस्तकी, पण राग आला की मधूनच "लाहौल" वगैरे उर्दू उद्गार यायचे. आणि कशावरून? ते तर उठताबसता. गुरवानं सांगितलं की औंदा पाऊस चांगला, तर कशावरून? मुलगा निर्व्यसनी आहे असं सोयरिकीत कुणी म्हटलं, की झालं! एकदा मुलीकडच्यांनी घाबरून बाईंना जेवणाचं आवतणच दिलं नाही. पोरांनी मग त्यांचं नावच पाडलं, कशावरूनबाई. बाईंच्या कानावर गेलं तेव्हा त्या म्हणाल्या, "हे नाव मलाच ठेवलंय कशावरून?"

त्यांच्या खोलीत बोलायला मात्र सक्त बंदी. त्यासाठी त्यांनी पाटी करून घेतली होती, तीही तेरखेड्याच्या एका पेंटरकडून. तो बिचारा जन्मभर फटाक्यांच्या खोक्यांवर नावं रंगवत आलेला. त्यानं "शांतता राखा" अशी अक्षरं काढली आणि प्रत्येक अक्षरातून लाल-पिवळ्या ठिणग्या उडवल्या. पाटी बघितली की आता कायतरी फुटतंय असं वाटायचं. पण बाईंना ती फार आवडायची. कुणी कुजबुजलं की टेबलावर फूटपट्टी आपटायची आणि त्या पाटीकडं बोट करायचं.

पेपर एकच यायचा, तोही दुपारच्या गाडीनं. वाचणारे बरेच. म्हणून बाई पेपराची पानं सुटी करून वाटून द्यायच्या. एकाकडं वरचं पान, दुसऱ्याकडं आतलं. झालं वाचून की अदलाबदल. सगळ्या गावागावांत हीच रीत होती, त्यात वावगं कुणालाच वाटलं नव्हतं.

मग बहात्तर उजाडलं. पावसानं जी पाठ फिरवली ती फिरवलीच! विहिरींचे तळ दिसले, जनावरं बाजारात गेली, आणि अख्खं गाव खडी फोडायला दुष्काळी कामावर गेलं. सोसायटीत तांबडी जवारी आली. कुठून तरी बाहेरून आलेली, लालभडक, खाताना घशात अडकणारी. पण पोटाला होती ना! मी दिवसभर तीच मापून देत होतो.

आमचे चेअरमन अण्णा. सगळं गाव त्यांना अण्णाच म्हणायचं. त्यांचा डोळा वाचनालयाच्या खोलीवर होता. "पोती व्हरांड्यात पडलीत, आन् पुस्तकं पंख्याखाली! पुस्तकाला काय भूक लागती का?" तिथं पंखा नव्हता, पण बोलायची रीत असते एकेकाची. येत्या सभेत ती खोली गोदामाला घ्यायची, हे त्यांनी ठरवूनच टाकलं होतं. खोली गेली की बाईंची नोकरी गेली. बाईंना मागं ना पुढं कुणी. रात्री त्या त्याच खोलीत सतरंजी टाकून झोपायच्या. मला त्यांची लई काळजी वाटायची.

आणि तेवढ्यात माझ्याच घराला आग लागली म्हणा ना. माझं लग्न होऊन वर्ष झालेलं. बायको माझी अबोल, कामाला वाघीण. ती ताटावर बसायची, मला भाकरी वाढायची आणि स्वतः नुसता उकडलेला पाला खायची. एक दिवस खडीवरनं बायका तिला धरून घेऊन आल्या. चक्कर येऊन पडलेली. मी भडकलो. "अगं, मी गावाला जवारी वाटतो आन् तू उपाशी? खात का न्हाईस?" तर ती भिंतीकडं बघत म्हणाली, "ती खाल्ली की बाईची कूस उजवत न्हाय. पेपरात आलंय."

माझ्या डोक्यात घण बसला. आई आतून म्हणाली, "बरूबर हाय तिचं. साऱ्या गावाला ठावं हाय." आमची बौद्धांची वस्ती गावाच्या एका कडेला, पण ह्या बाबतीत वस्ती काय आणि गाव काय, एकच सूर! कवळ्या पोरी, नव्या सुना, सगळ्या उपाशी. आणि मी मूर्ख, रोज मापं टाकतोय आणि मला पत्ता नाही!

मी तसाच वाचनालयात घुसलो. पाटीबिटी गेली खड्ड्यात. ओरडूनच सांगितलं. बाईंनी फूटपट्टी उचलली, माझं तोंड बघितलं आणि खाली ठेवली.

"पेपरात आलंय, असं त्यांना कुणी सांगितलं?" त्यांनी विचारलं.

"मला काय म्हाईत!"

"मग चला, विचारू."

तिथून जे सुरू झालं ते बघायला तुम्ही पाहिजे होता! छत्री उघडून बाई पुढं, मी मागं. माझ्या बायकोला विचारलं, तुम्हाला कुणी सांगितलं? खडीवरच्या द्वारकामावशीनं. द्वारकामावशी म्हणजे खडीवरच्या बायकांची पुढारीण, आवाज असा की मुकादमानं शिट्टी वाजवायची सोडून दिली होती. तिला विचारलं. तिला सांगितलं अण्णांच्या घरच्या मोलकरणीनं. अशा एकेकीला विचारत बाई हिंडल्या आणि येऊन वाचनालयाच्या भिंतीवर कोळशानं रेघा ओढू लागल्या. ही तिच्याकडून, ती तिच्याकडून. पांढऱ्या भिंतीवर नावंच नावं आणि रेघाच रेघा. जाताजाता त्या आणखी एक विचारायच्या. सोसायटीच्या दारावर सरकारी नोटीस डकवलेली होती, तांबडी जवारी खायला चांगली आहे म्हणून. "त्या कागदात काय लिहिलंय?" असं बाईंनी एकीला विचारलं. ती म्हणाली, "खाऊ नगा म्हणून लिवलं असंल. न्हाय तर येवढा कागद कशाला डकवत्याल?"

मी हसलो. बाई हसल्या नाहीत. "सोसायटी, ही हसण्याची गोष्ट नाही. आपण लिहितो आणि समजतो की पोचलं. कशावरून पोचलं?"

दोन-तीन दिवसांत सगळ्या रेघा गिरणीपाशी येऊन थांबल्या. मी बाह्या सारून बाईंच्या मागं, एखाद्या चोराला पकडायला निघाल्यासारखा! गिरणीत चाचा पिठानं पांढरे झालेले. बाईंनी विचारलं, "गिरणी, तांबड्या जवारीचं तुम्हाला कुणी सांगितलं?"

चाचा गोंधळले. "कुणी न्हाय बाई. तुमच्या इथंच वाचलं की. वरच्या पानावर होतं. मैं तो उत्ताच बोला जित्ता पेपर में था."

बाईंनी गठ्ठ्यातून तो पेपर शोधला. वरच्या पानाच्या तळाला बातमी होती. तांबड्या जवारीनं बायकांना मूल होत नाही असं बोललं जातंय, एवढं तिथं छापलेलं, आणि खाली, उरलेला मजकूर आत. आतल्या पानावर डॉक्टरांचं म्हणणं होतं, की त्यात काही तथ्य नाही, खुशाल खा.

"आतलं पान का नाही वाचलंत?" बाईंनी विचारलं.

चाचा अवघडून म्हणाले, "ते शाळेच्या गुरुजीकडं होतं. मी मागाय तोंड उघडलं, तर तुम्ही पट्टी आपटली. शुक् म्हणालात. माझं तिकडं दळण खोळंबलेलं, मी आलो निघून. बायका दळणाला बसल्याच होत्या, त्यांना सांगितलं. आतमध्ये दुसरं काय असंल, ते माझ्या खयालात बी आलं न्हाय."

बाई पिठाच्या डब्यावर बसल्याच. पट्टा फटफटत होता, पीठ उडत होतं, आणि त्या नुसत्या त्या पानाकडं बघत होत्या. पाटी त्यांचीच. पट्टी त्यांचीच. पानं सुटी करणाऱ्याही त्याच. अख्ख्या गावाला कशावरून विचारणाऱ्या बाईंच्या खोलीत चाचांना एक साधी गोष्ट विचारता आली नव्हती. मला रडूच आलं त्यांच्याकडं बघून.

सभा तोंडावर आली होती. मी हात जोडले. "बाई, पाया पडतो, सभेत ह्यातलं काय बी बोलू नका. अण्णाला हेच पायजे. वाचनालयाला किती माणसं येत्यात तेवढं सांगा आन् बसा खाली."

"आणि मग उद्यापासून मी लोकांना कशावरून विचारू ते कुठल्या तोंडानं?" त्या म्हणाल्या.

सभेला गाव लोटलं होतं. पंचायत समितीचे साहेबही आलेले, कारण तालुक्यातल्या गावोगावी तांबडी जवारी तशीच पडून होती. अण्णा मिशीवर हात फिरवत म्हणाले, "बाई, ह्या खोलीचा गावाला काय उपेग झाला, तेवढं सांगा."

बाई उभ्या राहिल्या. चष्म्याची नाडी नीट केली. "गावात जी अफवा पसरली, ती माझ्या खोलीतून गेली."

काय सांगू तो गलका! मी कपाळावर हात मारून घेतला. अण्णांच्या तोंडावर तर दिवाळी. खुर्चीतून पुढं वाकत ते म्हणाले, "कशावरून?"

"या, दाखवते," म्हणत बाईंनी सगळी सभा उठवून वाचनालयात नेली. मावतील तेवढे आत, बाकीचे खिडकीला लोंबकळले. भिंतीवर बोट ठेवून बाईंनी सगळं सांगितलं. पान कुणाकडं होतं, पट्टी कुणी आपटली, गिरणीत काय झालं. चाचांना बोल लावला नाही. "त्यांनी वाचलं तेवढं खरंच सांगितलं. विचारायला मी जागा ठेवली नाही." आणि रेघ पुढं सरकली तशी ती अण्णांच्या वाड्यात शिरली. गिरणीतून अण्णांच्या सूनबाई, सूनबाईंकडून स्वतः अण्णा, अण्णांकडून मोलकरीण, आणि तिच्याकडून सगळी खडी! अण्णांच्या घरातसुद्धा तांबडी जवारी शिजत नव्हती आणि हे गावाला त्या भिंतीवरून कळलं. द्वारकामावशी खिडकीतून अशी हसली की साहेबांनाही आवरेना.

अण्णा धुसफुसत म्हणाले, "ते ऱ्हाऊ द्या. चूक खोलीचीच ना? मग करा बंद."

साहेब मात्र भिंतीकडंच बघत होते. "नोटिसा डकवून डकवून माझ्या माणसांचे हात खळीनं चिकट झालेत. मग करायचं काय, बाई?"

"मला अजून माहीत नाही," बाई म्हणाल्या. "एवढंच कळलंय की अर्धं वाचलेलं पोचतं आणि ऐकणाऱ्याला विचारता येत नाही. अख्खं वाचून, विचारायला लावून बघू. नाही जमलं तर खोली घ्या."

पुढच्या सभेपर्यंत मुदत मिळाली. त्याच संध्याकाळी बाईंनी स्टुलावर चढून ती ठिणग्यांची पाटी उतरवली. दुसऱ्या दिवसापासून पेपराची पानं सुईदोऱ्यानं शिवली जाऊ लागली आणि बाई शिवलेला पेपर घेऊन गिरणीत! दळणाला बसलेल्या बायकांना बातमी अख्खी वाचून दाखवायची, मग एकीला सांगायचं, आता तुम्ही मला सांगा मी काय वाचलं. चुकलं की परत वाचायचं. बायकांना लाज वाटायची, हसू यायचं, पण चार दिवसांत असा रंग चढला की दळण झालं तरी बायका उठेनात. माझी बायकोही जायची. यायची, भाकरी वाढायची, आणि पुन्हा पाल्याचं गाडगं पुढं ओढायची. मी काकुळतीला येऊन म्हणायचो, "अगं आता तर कळलं ना?" ती मान हलवायची. खायची नाही.

मग एक दिवस गिरणीत बाईंनी डॉक्टरांचं म्हणणं वाचलं आणि द्वारकामावशी कडाडली, "पर त्या डागदराचं खरं, कशावरून?"

चाचांनी पट्टा बंद केला. आणि बाईंचा चेहरा! हरवलेलं लेकरू जत्रेत सापडावं तसा. त्या उठल्या आणि द्वारकामावशीचे दोन्ही हात धरून म्हणाल्या, "वा! मला ठाऊक नाही हो. कुठं बघायचं, सांगा."

मावशीनं सांगितलं. तिचं माहेर मुरूम गावाच्या पलीकडं, कानडी मुलखाच्या कडेला. तिथल्या बायका दिवाळीपासून ही जवारी खात होत्या. झालं! खडीला खाडा करून बाई, द्वारकामावशी, माझी बायको आणि तिच्यासारख्या बऱ्याच सुना एस.टी.त कोंबून निघाल्या. मी सोबतीला. तिथल्या आडावर बायका पाण्याला आलेल्या. तांबडी जवारी खाता का, विचारलं. "हौद्री, खातो की, दुसरं हाय काय?" अर्धं कानडी, अर्धं मराठी. आणि कितीकजणींची पोटं पुढं! द्वारकामावशीनं टाळीच वाजवली. पण बाई कुठल्या ऐकतात! एकेकीला धरून विचारू लागल्या, "दिवाळीनंतरच दिवस राहिले, हे कशावरून?"

"अगं बया! ते बी सांगाय पायजे का?" म्हणत त्या पोरीनं तोंडाला पदर लावला आणि अख्खा आड हसायला लागला. मी पळालो लिंबाखाली. लांबून बघितलं तर माझी बायकोही हसत होती. कितीतरी दिवसांनी! बाईंचं चालूच होतं. जवारी न खाणाऱ्यांतल्या कितीजणींना दिवस गेले, तेही त्यांना हवं होतं.

त्या संध्याकाळी बायकोनं तांबड्या जवारीची भाकरी मोडली. पहिला घास तोंडात घातला, तोंड वाकडं केलं आणि म्हणाली, "किती वंगाळ लागती हो!" मी म्हटलं, खा बाई, खा, वंगाळ तर वंगाळ.

साहेबांनी तालुक्याला हुकूम काढला. धान्याच्या दुकानात आणि कामावर नुसता कागद डकवायचा नाही. अख्खा वाचायचा, ऐकणाऱ्याकडून परत वदवून घ्यायचा, आणि कुणी विचारलं तर उत्तर दिल्याशिवाय पुढं जायचं नाही. आम्ही नाचलो. बाई म्हणाल्या, "हुकूम निघाला म्हणजे काम झालं, कशावरून?" आणि छत्री घेऊन खडीकेंद्रं हिंडल्या. बघतात तर एका ठिकाणी कारकून दगडांना कागद वाचून दाखवतोय, बायका तिकडं लांब घण मारतायत. बाई थेट साहेबांपुढं. वाचायचं ते भाकरीच्या सुट्टीत, असा सुधारलेला हुकूम निघाला.

मग त्र्याहत्तरचा मृग बरसला. दसऱ्यानंतर सभा भरली. अण्णा उठले. बाजू पलटायला अण्णांइतका तरबेज माणूस मी पाहिला नाही. खोली वाचनालयाकडंच राहणार असं त्यांनी जाहीर केलं, बाईंना हार घातला आणि छाती फुगवून म्हणाले, "बाईंच्या ह्या वाचनालयामुळं आपल्या गावच्या लेकीसुना वाचल्या!"

"कशावरून?" मागून द्वारकामावशी.

अण्णा हार घातलेल्या बाईंकडं बघायला लागले, बाई द्वारकामावशीकडं, आणि मी जमिनीकडं. तेवढ्यात बायकांच्या घोळक्यातून कुणीतरी उठलं. बघतो तर माझी बायको! चार माणसांत कधी शब्द न काढलेली. एक हात भिंतीला, एक हात सातव्या महिन्याच्या पोटावर.

"माझ्यावरून," ती म्हणाली.

टाळ्या अशा पडल्या की मधल्या भिंतीवरचा चुना खाली आला. मला काही दिसेना, डोळे भरून आलेले. बाई तिच्यापाशी गेल्या, स्वतःच्या गळ्यातला हार काढून तिच्या गळ्यात घातला आणि किती तरी वेळ तिचा हात सोडला नाही. मग चष्मा काढून पदरानं पुसला, नाडी कानाला बांधली आणि कोपऱ्यातली छत्री उचलली.

"पण एकीवरून ठरत नाही हो," त्या म्हणाल्या. "चला सोसायटी, बाकीच्यांना विचारून येऊ."